हवेतली ऊब, आंघोळीचे पाणी

आमच्या लहानपणी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या घालायच्या आणि धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड फिरवून फुंकर मारायची. घराचा एक नियम होता. जो बादलीभर गरम पाणी काढील, त्याने बादलीभर गार पाणी बंबात ओतायचे. हा नियम मोडणाऱ्याला आजी अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत असे.

बंब गेला, गिझर आला. धूर गेला, विजेचे बिल आले. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या घरी गिझरही गेले आणि त्यांच्या जागी हीट पंप आला. आयुष्यभर मी कारखान्यांतली शीतयंत्रे सांभाळण्याचे काम केले, त्यामुळे हे यंत्र मला नवे नव्हते. पण माझी आई ८६ वर्षांची आहे. तिने पहिल्या दिवशी टाकीला हात लावून विचारले, ‘‘अरे, जाळ कुठे आहे याचा?’’ मी म्हटले, ‘‘जाळ नाही. हवेतून ऊब घेतो.’’ ती म्हणाली, ‘‘डिसेंबरात हवेत ऊब असती तर मी शाल का पांघरली असती?’’

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीचाही फोन आला. ‘‘मामा, आमचा गॅसचा बॉयलर जुना झालाय. इथे सरकार हीट पंपाला पैसे देतंय. बसवू का?’’ प्रश्न दोन, देश दोन, पण यंत्र एकच. म्हणून आज या यंत्राची माहिती आणि त्याचा हिशेब असे दोन्ही आपल्यापुढे मांडतो.

आधी आईच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा. तो भाग गरम लागतो. फ्रिज भाज्यांमधली उष्णता काढून स्वयंपाकघरात टाकत असतो. हीट पंप म्हणजे हाच फ्रिज, फक्त आपला स्वार्थ उलटा. फ्रिजमध्ये आपल्याला गार बाजू हवी असते, हीट पंपात गरम बाजू.

ही किमया करतो आतला द्रव. या यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ नावाचा पदार्थ साध्या दाबाला उणे ५२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणजे आपल्याला गारठवणारी डिसेंबरची हवा त्याच्या दृष्टीने तापलेली भट्टीच. पंखा बाहेरची हवा नळ्यांवरून खेचतो, नळ्यांतला द्रव त्या हवेची उष्णता घेऊन उकळतो आणि त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तशीच दाबलेली वाफ तापते. ती पाण्याच्या टाकीभोवतीच्या नळ्यांतून फिरते, आपली उष्णता पाण्याला देते आणि पुन्हा द्रव होते. मग एका बारीक झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो, ती थंड होते आणि पुन्हा हवेकडून उष्णता घ्यायला तयार होते. असे हे चक्र चालू राहते.

आता खरी गंमत. गिझरमध्ये विजेचे एक युनिट घातले तर एक युनिट उष्णता मिळते. कितीही महागडा गिझर आणा, त्याहून जास्त मिळणार नाही. हीट पंपात एक युनिट वीज घातली तर साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात येते. मग उरलेली दोन युनिटे कुठून आली? हवेतून. यात फुकट काही नाही आणि जादूही नाही. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, ती पाणी वर चढवते. तसा हा पंप उष्णता तयार करत नाही, ती खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर चढवतो.

विहिरीची ही उपमा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. विहीर जितकी खोल, तितकी मोटरला वीज जास्त. बाहेरची हवा २५ अंश असेल आणि पाणी ५० अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर चढ २५ अंशांचा. हवा शून्य अंश आणि पाणी ६५ अंश हवे असेल, तर चढ ६५ अंशांचा. पहिल्या ठिकाणी एका युनिटला तीन-साडेतीन युनिटे मिळतील, तर दुसऱ्या ठिकाणी दोनच्या आसपास. यंत्र तेच, विहीर वेगळी.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच यंत्राने इमारत अशा रीतीने तापवता येईल हे मांडले होते. पुढे चारच वर्षांनी ऑस्ट्रियात पीटर रिटिंगर यांनी मिठागरातले खारे पाणी आटवण्यासाठी याच तत्त्वावरचे यंत्र उभारले. मग हे यंत्र घरात यायला इतका काळ का लागला? कारण कोळसा आणि गॅस स्वस्त होता. आजही भाचीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच अडकलेले आहे.

इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरून खोल्या उबदार ठेवते. हीट पंप बसवला की बॉयलरची जागा तो घेतो. पंख्याचा डबा घराबाहेर, टाकी घरात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२२ मध्ये यासाठी अनुदान योजना सुरू झाली. तेव्हा ५ हजार पौंड मिळत, ऑक्टोबर २०२३ पासून ती रक्कम साडेसात हजार झाली. शिवाय या कामावरचा मूल्यवर्धित कर मार्च २०२७ अखेरपर्यंत शून्य केला आहे. सगळे काम साधारण १३ हजार पौंडांच्या आसपास जाते. म्हणजे अनुदान वजा जाता साडेपाच हजार पौंड घरचे. नवा गॅस बॉयलर त्याहून बराच स्वस्तात बसतो.

एवढ्यावरून भाचीला वाटले होते की जास्तीचे पैसे बिलातून वसूल होतील. मी म्हटले, थांब, कागद घे. ब्रिटनमध्ये मध्यम घराला वर्षाला साडेअकरा हजार युनिट गॅस लागतो असे तिथले नियामक मंडळ २०२५ मध्ये धरत होते. २०२५ च्या अखेरीस तिथे विजेच्या युनिटला सुमारे २६ पेन्स पडत होते आणि गॅसच्या युनिटला ६ पेन्सहून थोडे जास्त. म्हणजे वीज गॅसच्या चौपट महाग. गॅसचा वर्षाचा खर्च झाला ७२५ पौंड, आणि गॅसजोडणीचा स्थिर आकार धरून ८५० च्या घरात.

आता हीट पंप. बॉयलरमधला काही गॅस वाया जातो, हे धरून घराला प्रत्यक्ष १०,३५० युनिट उष्णता लागते. पंपाने एकास तीन दिले तर वीज लागेल ३,४५० युनिट आणि बिल येईल सुमारे ९०० पौंड. म्हणजे गॅसपेक्षा जास्तच! एकास साडेतीन दिले तर ७७० पौंड. एकास चार दिले तर ६७० पौंड. हे शेवटचे दोन आकडे फायद्याचे, पण साडेतीनचा फायदा गॅसजोडणी पूर्ण बंद केली तरच, कारण चुलीसाठी गॅस ठेवला तर स्थिर आकार चालूच राहतो.

तेव्हा तीन मिळणार की चार, यावर सारे अवलंबून. आणि ते यंत्राच्या कंपनीपेक्षा घरावर आणि बसवणाऱ्यावर ठरते. बॉयलर रेडिएटरमध्ये ६५-७० अंशांचे पाणी सोडतो. हीट पंपाला ते परवडत नाही. विहीर फार खोल होते. त्याने ४५ अंशांचे पाणी सोडावे आणि खोली तरीही उबदार राहावी, तर रेडिएटर मोठे हवेत, आणि छताखाली व भिंतींत उष्णता अडवणारे अस्तर हवे. म्हणून चांगला बसवणारा आधी प्रत्येक खोलीतून किती उष्णता गळते याचे मोजमाप करतो. खिडक्या मोजतो, भिंती ठोकून पाहतो, आणि मगच किंमत सांगतो. मी भाचीला एवढेच सांगितले, ‘‘जो माणूस खोल्या न मोजता दर सांगेल, त्याला चहा देऊन वाटेला लाव.’’

तिने पुढे काय केले? तिने आधी छताखालचे अस्तर घालून घेतले. मग बॉयलरचे पाणी ७० ऐवजी ५० अंशांवर आणून थंडीचे दोन आठवडे काढून पाहिले. दोन खोल्या उबदार राहिल्या, बैठकीची खोली गार पडली. म्हणजे कुठला रेडिएटर बदलायचा हे तिला एक पेनीही खर्च न करता कळले. हीट पंप तिने अजून घेतलेला नाही. बॉयलर शेवटचे आचके देईल तेव्हा घेणार आहे, पण आता तो निर्णय घाईत, भर थंडीत, कुणाच्या भिडेने होणार नाही.

नॉर्वेचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. तिथे थंडी इंग्लंडहून कडक, तरी दर १०० घरांमागे सुमारे ६० घरांत हीट पंप आहेत. कारण तिथे धरणांवरची वीज मुबलक आहे आणि घरोघरी गॅसच्या नळ्या नाहीत. लोक पूर्वीपासून विजेवरच घर तापवत होते. ज्याला एकाच्या जागी एक मिळत होते त्याला तीन मिळू लागले, तर तो का घेणार नाही?

आणि इथेच आपला प्रश्न सुरू होतो. कारण गिझर लावणारे आपण त्या नॉर्वेकरांसारखेच आहोत. आपण विजेनेच पाणी तापवतो. शिवाय आपली विहीर उथळ आहे. पुण्यात पहाटे दहा-बारा अंश असले तरी त्याच दिवशी दुपारी पारा अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. मुंबई-कोकणात तर हिवाळ्यातही हवा उबदार आणि दमट, आणि दमट हवेतून उष्णता काढणे यंत्राला सोपे जाते. आपल्याला घर तापवायचे नाही, फक्त आंघोळीचे पाणी हवे आहे. मग हीट पंप घरोघरी का नाहीत? उत्तर किमतीत आहे.

चार माणसांचे घर घेऊ. रोज १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर सुमारे ३ युनिट उष्णता लागते. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी धरली तर साडेतीन युनिट. हीट पंपाला तेच काम एक-सव्वा युनिटात जमते. म्हणजे रोज सव्वादोन-अडीच युनिटांची बचत. उन्हाळ्यातले काही दिवस सोडून वर्षाचे ३०० दिवस धरले तर सातशेवर युनिटे वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर सात हजार रुपये. टाकीसकट घरगुती हीट पंपाला लाख-सव्वालाख रुपये पडतात. गिझरची किंमत त्यातून वजा केली तरी पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षे. आणि यंत्राचे आयुष्यही साधारण बारा-पंधरा वर्षेच! विक्रेता ‘सत्तर टक्के बचत’ म्हणतो ते खोटे नसते. पण ते सत्तर टक्के कशाचे, हे आपण विचारायला हवे. छोट्या बिलाचे सत्तर टक्केही छोटेच असतात.

आमच्या घरी आम्ही सातजण. आई, आम्ही दोघे, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. दोन गिझर होते, दोन्ही एकाच वर्षी गळायला लागले. बदलायचे तर पंचवीस हजार जाणारच होते. हीट पंप, नळाचे काम, सगळे मिळून एक लाख ४५ हजार. म्हणजे जास्तीचा खर्च एक लाख २० हजार. आमची वर्षाची बचत साडेबाराशे युनिटांची. इथे एक बारकावा आहे. आपल्या बिलात दराचे टप्पे असतात. वाचणारी युनिटे सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातली वाचतात. म्हणून सरासरी दर न धरता मी युनिटला १२ रुपये धरले. वर्षाला १५ हजार. आठ वर्षांत पैसे फिटतील. हा सौदा मला पटला, पण मी त्याला फार मोठा फायदा म्हणणार नाही.

आणि तोही जवळजवळ हातचा गेला होता. बसवायला आलेल्या माणसाने पंख्याचा डबा इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये लावला. आवाज नाही, दिसायला नको, सगळे खूश. मी तेव्हा गावी होतो. पहिल्या महिन्यात मी वेगळा मीटर लावून पाहिले तर रोज चार युनिटे जात होती. डक्टमध्ये हात घातला तर आत बर्फाच्या कपाटासारखा गारवा! यंत्र हवेतली उष्णता काढून गार हवा बाहेर टाकत होते, ती तिथेच कोंडत होती, आणि तीच पुन्हा आत ओढली जात होती. विहिरीत झरा नव्हता, असे म्हणा. डबा मोकळ्या कोरड्या गॅलरीत आणल्यावर वीज अडीच युनिटांवर आली. आता त्या गॅलरीत दुपारी छान गार वाटते. आई तिथेच भाजी निवडायला बसते.

तेव्हा बसवणाऱ्यांनी काही गोष्टी आधी पाहाव्यात. डब्याला मोकळी हवा हवी, आणि तो शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीला लागून नको, कारण खिडकीतल्या एसीसारखी घरघर असतेच. दोनशे लिटरची भरलेली टाकी अडीचशे किलोच्या घरात जाते. ती भिंतीवर नव्हे, भक्कम जमिनीवर ठेवावी. यंत्रातून हवेतल्या बाष्पाचे पाणी ठिबकते, त्याला वाट करून द्यावी. अर्थिंग तपासून घ्यावे. बोअरचे जड पाणी असेल तर टाकीत क्षार साचतात. टाकी गंजू नये म्हणून तिच्यातली मॅग्नेशियमची कांडी ठरावीक काळाने बदलावी लागते. गावात दुरुस्तीला माणूस मिळतो का, हे किमतीच्या आधी विचारावे. ज्या यंत्राचे पैसे आठ वर्षांत फिटायचे आहेत, ते चौथ्या वर्षी सुट्या भागासाठी महिनाभर बंद पडून चालत नाही.

सवयही बदलावी लागते. गिझर दहा-पंधरा मिनिटांत पाणी देतो. हीट पंप सावकाश, दोन-चार तास घेतो. म्हणून तो दुपारी चालवावा. तेव्हा हवा सर्वांत उबदार असते आणि टाकी नीट अस्तराची असेल तर पहाटेपर्यंत पाणी गरम राहते. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत देण्यात आली, तिचाही मेळ बसतो. गच्चीवर विजेची सौर तावदाने असतील तर दुपारची वीज घरचीच. मात्र आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावे. कोमट पाण्याच्या टाकीत लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात, ते त्याने मरतात.

आता तुम्ही विचाराल, मग आमच्या गच्चीवरच्या सोलरचे काय? ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे आणि हक्काची जागा आहे, त्यांनी आधी सोलर बंबच घ्यावा. त्याची किंमत हीट पंपाच्या निम्म्याहूनही कमी आणि उन्हाला बिल नाही. पण बारा-पंधरा मजली इमारतीत सगळ्यांना पुरेल एवढी गच्ची नसते, खालच्या मजल्यावर गरम पाणी यायला दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावे लागते, आणि पावसाळ्यात ढगांपुढे इलाज नसतो. हीट पंपाला ऊन लागत नाही. आषाढातली दमट हवा त्याला उलट मानवते.

आणि गॅसचा गिझर? तो स्वस्त आहे, पण बंद न्हाणीघरात तो लावणे जिवावरचे आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेले माणूस परत आले नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. लावायचाच तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागी लावावा.

हीट पंपाचा खरा लाभ आज मोठ्या गरजेला आहे. तीस मुलांचे वसतिगृह घ्या. माणशी ४० लिटर म्हणजे रोज १,२०० लिटर. गिझरने ३५ युनिटे, हीट पंपाने बारा. वर्षाला जवळजवळ सात हजार युनिटे, म्हणजे सत्तर हजार रुपये वाचतात. यंत्रणेला साडेतीन लाख धरले तरी पाच वर्षांत पैसे मोकळे. रुग्णालये, लॉज, मंगल कार्यालये यांचेही तसेच. आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी प्रत्येक घरात वेगळा डबा लावण्यापेक्षा एकत्र यंत्रणा बसवली तर माणशी खर्च बराच उतरतो. सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास भांडण्याऐवजी अर्धा तास यावर बोलायला हरकत नाही.

तुमच्यासाठी हिशेब सोपा आहे. मागच्या हिवाळ्यातले बिल आणि मे महिन्यातले बिल समोर ठेवा. पंखे-एसीचा फरक सोडून गिझर किती खातो याचा अंदाज घ्या. त्याच्या दोनतृतीयांश वाचतील. त्याला तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा, आणि जास्तीच्या किमतीला त्या आकड्याने भागा. उत्तर आठ वर्षांच्या आत आले तर पुढे जा. बारा-पंधरा आले तर आहे तो गिझर वापरा, त्याचे तापमान दहा अंशांनी उतरवा आणि आंघोळीच्या आधी वीस मिनिटेच चालू करा. त्याला एक पैसाही लागत नाही.

आमच्या आईचे मात्र अजून पूर्ण समाधान झालेले नाही. पाणी चांगले तापते हे ती कबूल करते. पण परवा नातू सलग दोन बादल्या घेऊन बाहेर आला तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘‘अरे, गार पाणी कोण ओतणार त्यात?’’ टाकी आपोआप भरते हे मी तिला पुन्हा सांगितले. ती म्हणाली, ‘‘ते ठीक आहे. पण त्याला विचारायची सवय राहू दे.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)